हायस्कूलमध्ये सीटीईमधून स्पोर्ट्स मेडिसिन घ्यावं का? टेक्सासमधले पालक आणि फिजिओ, प्लीज सांगा

डॅलसवाली_आई

नमस्कार मंडळी. पोस्ट मोठी होणारे, आधीच सांगते, पण पंधरा दिवस डोक्यात हेच चालू आहे.

आम्ही डॅलसच्या उत्तरेला राहतो. लेक नववीत आहे आणि पुढच्या वर्षीचे विषय निवडायचा फॉर्म पुढच्या शुक्रवारपर्यंत द्यायचाय. या वर्षी तिने हेल्थ सायन्सचा पहिला कोर्स घेतलाय आणि आता दहावीपासून तिला स्पोर्ट्स मेडिसिन घ्यायचंय, सीटीईमधून, म्हणजे इकडे करिअर अँड टेक्निकल एज्युकेशन म्हणतात त्यातून. नुसता वर्गातला तास नाही, शाळा सुटल्यावर ट्रेनिंग रूममध्ये आणि मॅचला मैदानाच्या कडेला स्टुडंट ट्रेनर म्हणून उभं राहायचं तेही त्यातच.

हे कुठून आलं ते सांगते. ती सॉकर खेळते. जानेवारीत मॅचमध्ये तिचा पाय असा मुरगळला की मी बाकावरून उठून धावतच निघाले, मला वाटलं मोडला. तोवर शाळेची ट्रेनर तिच्याजवळ बसली पण होती. तिने बूट काढला, घोट्याच्या दोन्ही बाजूंना मागून अंगठ्याने दाबून बघितलं, मग पायाच्या बाहेरच्या कडेला, मग आतून, प्रत्येक वेळी हिच्या चेहऱ्याकडे बघत होती, आणि मग आधार देऊन चार पावलं टाकायला लावली. मला म्हणाली आज एक्स-रेची गरज वाटत नाही, उद्या पाय टेकवता आला नाही तर डॉक्टरकडे न्या. पुढचे तीन आठवडे लेक रोज सकाळी शाळा भरायच्या आधी तिकडे, एका पायावर तोल सांभाळ, रबराच्या पट्ट्याने पाय ओढ, आणि रोज घरी येऊन मला सगळं साग्रसंगीत ऐकवायची, कुठलं लिगामेंट, ते का ताणलं, परत का ताणू शकतं. इतकं मनापासून बोलताना मी तिला शाळेच्या कुठल्याच विषयाबद्दल ऐकलेलं नाही हो.

पण घरात एकमत नाही. नवरा म्हणतो त्या जागी कॉम्प्युटर सायन्स घे. आजोबा नाशिकहून व्हिडिओ कॉलवर म्हणाले, पट्ट्या बांधायला आणि पाण्याच्या बाटल्या भरायला शाळेत तास असतो का? आणि मी, व्होकेशनल शब्द ऐकला की मला आमच्या ज्युनियर कॉलेजातलं एमसीव्हीसी, म्हणजे कामधंद्याचे कोर्स, आठवतं, दहावीला कमी पडले की तिकडे पाठवायचे आणि बाकीचे त्या मुलांकडे कसे बघायचे ते आठवतं, ते मनातून जातच नाही.

तर कोणाच्या मुलांनी हे केलंय का? पुढे डॉक्टर व्हायचं ठरवलं तर याचा उपयोग होतो का? वेळ किती जातो, रँकवर काय होतं, आणि काउन्सेलरला नेमकं काय विचारू? तुमचा खरा अनुभव सांगा, माझं मन दुखेल म्हणून गोड नका लिहू.


केटीकर_काकू

आमच्या मुलाने दोन वर्षं केलं. एवढंच सांगते की गाडीचं आधी ठरवा. फुटबॉलच्या (अमेरिकन फुटबॉल, सॉकर नव्हे) सीझनला शुक्रवारी मॅच संपल्यावर खेळाडू घरी जातात, पण ट्रेनर मुलांना कूलर रिकामे करायचे, सामान मोजून ठेवायचं, कोणाला बर्फ लावायचा असतं, बाहेरगावची मॅच असेल तर बस परत यायला रात्रीचे साडेअकरा-बारा. मुलाला लायसन्स मिळेपर्यंत पार्किंग लॉटमध्ये आमच्या किती रात्री गेल्या ते आम्हालाच माहीत. पण मुलगा बदलला हे खरं, जबाबदारीने वागायला लागला, सामानाची यादी स्वतः करायचा.


मैदानावरची_फिजिओ

मी याच कामात आहे म्हणून सविस्तर लिहिते. बीपीटी, म्हणजे फिजिओथेरपीची पदवी, महाराष्ट्रात केली, मग इकडे येऊन अ‍ॅथलेटिक ट्रेनिंगमध्ये मास्टर्स, आणि आता नऊ वर्षं झाली, टेक्सासमधल्याच एका पब्लिक हायस्कूलला अ‍ॅथलेटिक ट्रेनर आहे, हा कोर्स शिकवतेही.

आधी नावाचा घोळ सोडवू. शाळेतलं स्पोर्ट्स मेडिसिन म्हणजे डॉक्टरांची ती ब्रँच नव्हे. त्या ब्रँचला जायचं तर कॉलेजची चार वर्षं, मेडिकल स्कूलची चार, मग फॅमिली मेडिसिन किंवा पीडियाट्रिक्ससारखी तीन वर्षांची रेसिडेन्सी आणि त्यावर एक वर्षाची फेलोशिप. ऑर्थोपेडिक सर्जनची तर रेसिडेन्सीच पाच वर्षांची. शाळेतला कोर्स बेतलेला असतो तो अ‍ॅथलेटिक ट्रेनरच्या कामावर, आणि अ‍ॅथलेटिक ट्रेनर म्हणजे जिममधला पर्सनल ट्रेनर नव्हे, हे मला सासरी सुद्धा तीनदा समजवावं लागलं. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९९० मध्ये याला आरोग्यसेवेतला व्यवसाय म्हणून मान्यता दिली, आणि टेक्सासने त्याच्याही कितीतरी आधी, १९७१ मध्ये लायसन्स सुरू केलं, देशात पहिलं. पूर्वी बॅचलर्सवर भागायचं, आता नव्याने येणाऱ्या मुलांना मास्टर्स करावं लागतं आणि मग या व्यवसायाच्या बोर्डाची परीक्षा.

ताई, तुमच्या लेकीच्या पायाला ट्रेनरने जिथे जिथे दाबलं ना, त्या जागा ठरलेल्या आहेत. ओटावा रूल्स म्हणतात त्याला, कॅनडातल्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये मांडले. घोट्याच्या दोन्ही हाडांची मागची कड आणि टोक, पायाच्या बाहेरच्या कडेला मध्यावर हाताला लागतं ते करंगळीच्या रेषेतलं हाड, आणि आतल्या बाजूचं एक. यातलं काहीच दाबल्यावर दुखलं नाही आणि चार पावलं टाकता आली तर हाड मोडलेलं असण्याची शक्यता फारच कमी. माझ्या वर्गात दहावी-अकरावीची मुलं हे शिकतात, आधी सांगाड्यावर आणि मग एकमेकांच्या पायावर. पुस्तकात चित्र बघून सगळ्यांना कळल्यासारखं वाटतं, पण समोर खरा पाय आला की पहिल्या दिवशी निम्म्या मुलांना ते हाड सापडत नाही. महिन्याभराने डोळे मिटून सापडतं. ही शिकण्याची जी पद्धत आहे, हाताने, ती त्यांना बाकी कुठल्याच तासाला मिळत नाही आणि म्हणून मला हा कोर्स इतका मोलाचा वाटतो.

आता मुलं काय करतात आणि काय करत नाहीत ते. टेपिंग करतात, बर्फ-पाणी बघतात, व्यायाम करवून घेतात, नोंदी लिहितात, रोज एईडीचा (थांबलेल्या हृदयाला शॉक द्यायचं यंत्र) हिरवा दिवा तपासतात. दुखापत काय आहे ते ठरवायचं नाही, परत खेळ असं सांगायचं नाही, आणि मोठ्या लायसन्सवाल्या माणसाशिवाय एकट्याने मैदान सांभाळायचं तर अजिबात नाही. मुलांना फुकटचे ट्रेनर म्हणून वापरणारी शाळा असेल तर तिथून काढून घ्या, मी हे ठामपणे सांगते.

आजोबांना पाण्याच्या बाटल्या खटकल्या ना, त्यांना हे वाचून दाखवा. दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमधली फुटबॉल प्रॅक्टिस, दुपारचे चार, आमच्याकडची स्टुडंट ट्रेनर पोरगी लाइनमनना, म्हणजे पुढच्या फळीतल्या खेळाडूंना, पाणी देत होती. त्यातला एक जण तिला रोज नावाने हाक मारायचा, त्या दिवशी त्याने बाटली हातात घेतली आणि नुसता बघत राहिला, तिने विचारलं बरा आहेस का तर काहीतरी भलतंच बोलला. ती धावत माझ्याकडे आली, म्हणाली हा आज हा नाहीये. बस एवढंच म्हणाली. मी गेले तोवर तो लडखडत होता. उष्माघाताच्या बाबतीत नियम असा आहे की आधी थंड करा, मग हॉस्पिटलला न्या, कारण शरीराचं तापमान १०४ फॅरनहाइटच्या वर जितका वेळ राहील तितका मेंदू-लिव्हर-किडनीला धोका, अर्ध्या तासाच्या आत खाली आणायला हवं. बर्फाच्या पाण्याचा टब आम्ही प्रॅक्टिसच्या आधीच भरून ठेवतो. आम्ही मोठ्यांनी त्याला टबात बसवलं, गुदद्वारातून तापमान घेतलं कारण तोंडातलं किंवा कपाळावरचं अशा वेळी फसवतं, एक मुलगा पाणी सतत ढवळत होता, एक घड्याळ बघून वेळ लिहीत होता, कोचने ९११ लावला आणि दोन मुली अ‍ॅम्ब्युलन्ससाठी मागचं गेट उघडायला पळाल्या. कोणी काय करायचं हे आम्ही कागदावर लिहून सराव केलेलं असतं. १०२ ला आल्यावर त्याला बाहेर काढलं आणि मग अ‍ॅम्ब्युलन्स त्याला घेऊन गेली. मुलगा पूर्ण बरा झाला.

पाणी देता देता तिने माणूस बघितला म्हणून तो वेळेत सापडला. २००१ मध्ये मिनेसोटा व्हायकिंग्सचा कोरी स्ट्रिंगर उन्हातल्या सरावानंतर उष्माघाताने गेला, एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा खेळाडू, सत्तावीस वर्षांचा. त्याच्या नावाने कनेटिकट विद्यापीठात संस्था आहे आणि या थंड करण्याच्या पद्धतीचं बरंचसं शिक्षण आज तिथून येतं.

आणि २ जानेवारी २०२३ ला सिनसिनाटीत बफेलो बिल्सचा डमार हॅमलिन चालू मॅचमध्ये कोसळला ते तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी टीव्हीवर बघितलं असेल. छातीवर नेमक्या क्षणी मार बसून हृदय थांबलं होतं, टीमच्या असिस्टंट ट्रेनरने तिथेच सीपीआर, म्हणजे छाती दाबत राहणं, सुरू केलं. सुट्टीनंतर वर्ग भरला तेव्हा माझी मुलं स्वतःहून सीपीआरच्या सरावाचा पुतळा काढून बसली होती. दोन इंच खोल, मिनिटाला १०० ते १२०, हात बदलत बदलत पूर्ण तास.

पैशाचंही बोलते कारण कोणी बोलत नाही. २०२३ च्या सरकारी आकड्यांप्रमाणे अ‍ॅथलेटिक ट्रेनरचा मधला पगार वर्षाला ५८ हजार डॉलरच्या आसपास आहे, फिजिकल थेरपिस्टचा जवळपास एक लाख. मास्टर्स करून आणि शुक्रवार-शनिवार देऊन हे मिळतं. मला काम आवडतं, पण तुमच्या नवऱ्याची काळजी चुकीची नाही. फक्त शाळेतला कोर्स घेतला म्हणजे हेच करिअर करावं लागतं असं काही नाही. माझी मुलं नर्सिंगला गेलीत, पीटीला (फिजिकल थेरपी) गेलीत, दोन मेडिकल स्कूलला आहेत, एक जण फायर डिपार्टमेंटला पॅरामेडिक आहे.

काउन्सेलरला विचारा: शिकवणारा स्वतः लायसन्स असलेला ट्रेनर आहे का? आठवड्याला जास्तीत जास्त किती तास? कोर्सच्या आत सीपीआर-एईडीचं सर्टिफिकेट मिळतं का? आणि जमलं तर ट्रेनिंग रूम बघून या, दुपारी साडेतीनला जा, तेव्हा खरं चित्र दिसतं.


शुगरलँडकर_बाबा

वरचा प्रतिसाद वाचून अंगावर काटा आला. तरी मी रँकचं लिहितो कारण टेक्सासमध्ये ते टाळून चालत नाही.

१९९७ च्या कायद्यामुळे वर्गातल्या वरच्या १० टक्क्यांना राज्याच्या सरकारी विद्यापीठांत आपोआप अ‍ॅडमिशन मिळते, पण ऑस्टिनच्या यूटीला (युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सास) हीच मर्यादा ६ टक्के होती आणि २०२६ च्या फॉलपासून, म्हणजे ऑगस्टच्या सत्रापासून, ५ टक्के झाली. आपल्या भागातल्या शाळांत पहिली शंभर मुलं दशांशाच्या तिसऱ्या स्थानावर वरखाली होतात. एपी आणि ऑनर्स या वरच्या पातळीच्या कोर्सना जास्त वेट, म्हणजे सरासरीत जास्त वजन, असतं, सीटीईचे बरेच कोर्स साध्या वेटचे असतात, मग ए मिळवूनही सरासरी खाली येते. आमच्या मोठ्याने स्पोर्ट्स मेडिसिन एक वर्ष केलं, आवडत होतं त्याला, आणि आम्ही हिशेब करून अकरावीत ते सोडायला लावलं. रँक सुधारला. पण त्यानंतर तो शाळेबद्दल घरी बोलायचा बंद झाला, हे पण तितकंच खरं आहे आणि मला त्याचं वाईट वाटतं.

म्हणून दोन्ही माहिती घेऊन ठरवा. डिस्ट्रिक्टच्या कोर्स कॅटलॉगमध्ये प्रत्येक कोर्सपुढे वेट लिहिलेलं असतं, ते बघा, तीन वर्षांचं गणित कागदावर मांडा. काही ठिकाणी पुढच्या वर्षीचा कोर्स जास्त वेटचा असतो, काही ठिकाणी एखादा विषय जीपीएत (ग्रेडच्या सरासरीत) न धरण्याची सोय असते, विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. आणि २०१३ च्या कायद्यापासून हायस्कूलच्या मुलांना एक एन्डॉर्समेंट, म्हणजे अभ्यासाची एक शाखा, निवडावं लागतं ना, हेल्थ सायन्स त्यात पब्लिक सर्व्हिसमध्ये येतं, ती चौकट यातून पूर्ण होते, म्हणजे कोर्स वाया जात नाही. कॉम्प्युटर सायन्सचा एक कोर्स बाजूने करता येतोच, दोन्हीत भांडण लावायची गरज नाही असं माझं मत.


प्रीरॅप_आणि_पुरणपोळी

हाय काकू, मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, किनेसिओलॉजी (शरीराच्या हालचालींचा अभ्यास), पुढे पीटी करायचंय. हायस्कूलमध्ये तीन वर्षं स्टुडंट ट्रेनर होते. मराठी टाइप करायला वेळ लागतो, चुकलं तर समजून घ्या.

वेळेबद्दल खरं सांगते. फॉलमध्ये सोमवार ते बुधवार प्रॅक्टिस साडेसहापर्यंत, गुरुवारी ज्युनियर टीमची मॅच, शुक्रवारी मोठी मॅच. आम्ही गट पाडले होते म्हणून प्रत्येकाला रोज नसायचं, पण ऑगस्ट ते नोव्हेंबर मी गणपतीच्या आरतीला एकदाच वेळेवर पोचले. होमवर्क बसमध्ये करायची सवय लागली, ती आता कॉलेजमध्ये कामाला येतेय. स्प्रिंगमध्ये खूप हलकं असतं.

पहिले दोन महिने माझ्या टेपला इतक्या सुरकुत्या पडायच्या की एका मुलाच्या टाचेला फोड आला. मी रडले. ट्रेनर सरांनी मला त्याच्या फोडावर ड्रेसिंग करायला लावलं आणि मग परत टेप करायला लावलं, तोच पाय, तोच मुलगा. त्या मुलाने पाय पुढे केला ना परत, तेव्हा मला कळलं की कोणीतरी आपल्यावर विश्वास ठेवतंय म्हणजे काय असतं.

सगळ्यात अवघड टेपिंग नव्हतंच. सगळ्यात अवघड म्हणजे गप्प राहणं. माझ्याच बायोलॉजीच्या वर्गातल्या मुलीला कन्कशन (डोक्याला मार लागून मेंदूला हादरा) झालं होतं, मला माहीत होतं, मैत्रिणी विचारायच्या ती का खेळत नाहीये, सांगता यायचं नाही. तिचीच एकदा विनवणी आली की मला अजून डोकं दुखतंय हे सरांना सांगू नको, प्लेऑफ आहे. मी सांगितलं. ती माझ्याशी महिनाभर बोलली नाही. टेक्सासचा कायदा आहे २०११ पासून, कन्कशनचा संशय आला तरी त्या दिवशी खेळ बंद, डॉक्टरांनी लिहून द्यायला लागतं आणि पायरी पायरीने परत आणतात, कोच स्वतः परवानगी देऊच शकत नाही. पण कायदा चालतो तो कोणीतरी खरं सांगितलं तर. सोळा वर्षांच्या मुलीला हे कठीण जातं काकू, त्या वेळी घरी तिच्याशी बोलायला कोणीतरी पाहिजे. माझी आई रात्री जागी असायची.

एक वाईट अनुभव पण सांगते. आमचे सर मधल्या वर्षी शाळा सोडून गेले आणि पुढचे पाच महिने वर्गात सबस्टिट्यूट, रोज हाडांची नावं भरायची वर्कशीट. मैदानावर जायला बंदी कारण लायसन्सवालं कोणी नाही. तेव्हा नाव तेच, कोर्स तोच, पण शिकलो काहीच नाही. म्हणून वर ताईंनी लिहिलंय ना की शिकवतंय कोण ते विचारा, ते खरंच पहिलं विचारा.

होसा नावाची हेल्थची विद्यार्थी संघटना आहे, १९७६ पासूनची, त्यात स्पोर्ट्स मेडिसिनची स्पर्धा असते. आधी लेखी परीक्षा, मग परीक्षकांसमोर करून दाखवायचं. मी स्टेटपर्यंत गेले, नंबर नाही आला. तयारीत मात्र अ‍ॅनाटॉमी इतकी पक्की झाली की कॉलेजच्या पहिल्या सेमिस्टरला जड गेलं नाही.

आणि मेडिकल स्कूलवाले हायस्कूलचा कोर्स बघत नाहीत बहुतेक, ते कॉलेजमधलं बघतात. पण आपल्याला आजारी, चिडलेल्या, घाबरलेल्या माणसाजवळ बसायला आवडतं का हे पंधराव्या वर्षी कळलं तर केवढं बरं. माझ्या बॅचच्या तिघांना कळलं की आवडत नाही. त्यांचाही फायदाच झाला ना.


डॅलसवाली_आई

सगळ्यांचे किती आभार मानू. नवऱ्याने पण पूर्ण धागा वाचला, उष्माघाताचा भाग दोनदा. आजोबांना मी फोनवर वाचून दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले त्या पाणी देणाऱ्या मुलीला माझा आशीर्वाद सांग. @मैदानावरची_फिजिओ, तिच्यापर्यंत पोचवाल का?


मैदानावरची_फिजिओ

नक्की पोचवते. ती आता नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे.


कोल्हापूरचा_फिजिओ

इकडून कोल्हापुरातून लिहितोय, धागा वाचून राहवलं नाही. मी कबड्डी आणि कुस्तीच्या मुलांबरोबर काम करतो. मी या वाटेला आलो तेव्हा आपल्याकडे बारावी सायन्स, मग बीपीटी साडेचार वर्षं इंटर्नशिप धरून, मग स्पोर्ट्समध्ये एमपीटी दोन वर्षं असं होतं. म्हणजे मी पहिल्यांदा मैदानावर दुखापत झालेल्या खेळाडूचा पाय हातात घेतला तेव्हा तेवीस वर्षांचा होतो, आणि तुमची पोरं पंधराव्या वर्षी घेतात, तेही शिकवणारा शेजारी उभा असताना. हेवा वाटला खरंच.

गावच्या मैदानावर काय होतं ते सांगतो. रेडर पकडीत अडकला, गुडघा आत वळला, कट्ट असा आवाज आला, मुलगा पडला. दोन मिनिटांत चारजण त्याचा पाय ओढून सरळ करतात, कोणी मालीश करतं, संध्याकाळी हळदीचा लेप, तिसऱ्या दिवशी सूज उतरली की परत मैदानात, आणि सहा महिन्यांनी माझ्याकडे येतो तेव्हा एसीएल, म्हणजे गुडघ्यातलं मुख्य लिगामेंट, तुटलेलंच असतं आणि सोबत गुडघ्यातली कूर्चेची गादीसुद्धा फाटलेली असते. कोणाचा हेतू वाईट नसतो, सगळे त्याच्या प्रेमापोटीच करतात. तिथे शाळेतलं एक पोरगं जरी असतं जे म्हणालं असतं की ओढू नका, आहे तसा आधार द्या आणि दवाखान्यात न्या, तर किती गुडघे वाचले असते. पैलवानांचे कान तसेच, मार लागून रक्त साचतं तेव्हाच डॉक्टरकडून काढून दाब देऊन बांधलं तर कान नीट राहतो, पण आमच्याकडे तो सुजून कडक झालेला कान म्हणजे पैलवानाची खूण असं मानतात, आणि तुमच्याकडच्या हायस्कूल रेसलिंगमध्ये ट्रेनर पहिल्याच दिवशी बघतो.

ताई, ट्रेनिंग रूम बघायला जाल तेव्हा एक बघा, मुरगळलेल्या पायाला काय करायचं म्हणून भिंतीवर काय लावलंय. आराम, बर्फ, दाब, पाय उंच हा जुना मंत्र १९७८ मध्ये ज्या डॉक्टरने दिला, गेब मिर्किन, त्यानेच २०१४ मध्ये लिहिलं की बर्फ आणि पूर्ण आराम यांनी बरं व्हायला उशीर होऊ शकतो. आता सुरुवातीचे एक-दोन दिवस जपून मग लवकर हळूहळू भार द्या, हलवा, असं शिकवतात. तुमच्या मुलीला तीन आठवडे तोल सांभाळायला लावलं यावरूनच तिथली बाई नवं वाचणारी आहे असं मला वाटतं. चांगला गुरू मिळालाय, सोडू नका.

आणि शक्य झालं तर त्या कोर्समध्ये आठवड्यागणिक काय शिकवतात ते मला पाठवा. इथल्या एका शाळेच्या पीटीच्या सरांशी माझं बोलणं चालू आहे, शनिवारी दोन तास नववीच्या मुलांना मिळाले तर मी फुकट शिकवायला तयार आहे.


डॅलसवाली_आई

उशिरा अपडेट देतेय. बुधवारी साडेतीनला ट्रेनिंग रूम बघून आले. शिकवणारी तीच ट्रेनर, लायसन्सवाली, सहा वर्षं इथेच. स्टुडंट ट्रेनरना फॉलमध्ये आठवड्याला तीन दिवसच बोलावतात, तसं लिहून दिलंय. सीपीआर-एईडीचं सर्टिफिकेट पहिल्याच सेमिस्टरला. टब दारामागेच होता, आजोबांसाठी फोटो काढला. कोर्स साध्या वेटचाच आहे, शुगरलँडकर दादा तुम्ही म्हणालात तसं कागदावर मांडलं, रँक थोडा खाली जाईल. नवरा कागदाकडे बघत बसला आणि मग त्यानेच सही केली. कॉम्प्युटर सायन्स उन्हाळ्यात ऑनलाइन करायचं असं बापलेकीत ठरलंय. कोल्हापूरच्या दादांना कोर्सचा आराखडा ट्रेनरबाईंना विचारून पाठवते, त्या हो म्हणाल्यात.

आता एक छोटीशी अडचण. लेकीने मोठ्या आवडीने पांढऱ्या टेपचे सहा रोल आणलेत आणि रोज रात्री जेवणं झाली की माझ्या घोट्यावर सराव चालू आहे. बाकी जमतंय पण टाचेभोवती तिरका वेढा घेताना दर वेळी मागे सुरकुती पडते आणि माझी करंगळी बधिर होते. काय चुकतंय?


मैदानावरची_फिजिओ

अरे वा! पाय आधी काटकोनात धरायला सांगा आणि शेवटपर्यंत तसाच ठेवा, तुम्ही पाय सैल सोडत असणार, सगळ्याच आया सोडतात. टेप ओढून ताणायचा नाही, रोल पायाच्या जवळ धरायचा आणि पायाच्या आकाराने जिकडे जातो तिकडे जाऊ द्यायचा, आधीच्या पट्टीवर निम्मी पट्टी. टाचेला वळताना एका सलग वेढ्यात घेऊ नको म्हणावं, सुरुवातीला प्रत्येक वळणाला फाडून नवी पट्टी, सवय झाली की मग सलग. करंगळी बधिर होते म्हणजे पायाच्या बाहेरच्या कडेवर, त्या मधल्या हाडापाशी, घट्ट बसतंय, तिथे हात हलका ठेव. आणि झाल्यावर तुमचं नख दाबून सोडायला सांगा, दोन सेकंदांत परत गुलाबी झालं नाही तर लगेच कापून काढायचं.

उद्या फोटो टाका, मागच्या बाजूचा.